गोंदणाची जागा

माझ्या बहिणीच्या छातीतली गाठ सगळ्यांत आधी मी पाहिली. तिच्या आधी, डॉक्टरांच्या आधी. पाहिली, आणि "पुढं घ्या" म्हणालो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या विद्यार्थिनीच्या देखत हे झालं, तिच्याशीही त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललो नाही. तसा मी कमी बोलणारा माणूस आहे, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. तो काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही.

मी इथं संभाजीनगरात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाश हा माझा विषय. आमच्या प्रयोगशाळेत काही वर्षांपासून एक उपकरण तयार होतंय. साबणाच्या वडीएवढा ठोकळा, हातात सहज मावणारा. त्याच्या तोंडाशी बारीक दिवे आहेत आणि दिव्यांपासून काही जवळ, काही दूर असे प्रकाश मोजणारे डोळे. दिव्यांचा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, आपल्याला जवळपास न दिसणारा. तो कातडीतून आत शिरतो, मांसात भरकटतो, थोडा आतच जिरतो, थोडा परत येतो. परत येतो त्यावरून आत काय आहे ते ताडायचं. जवळच्या डोळ्याला वरवरचं कळतं, दूरच्या डोळ्याला खोलातलं. गाठ वाढायला लागली की ती आपल्याकडं रक्त ओढते आणि त्या रक्तातला प्राणवायू खाऊन टाकते. तिथं प्रकाश जास्त जिरतो, संगणकाच्या पडद्यावर काळपट डाग येतो.

पण नुसत्या डागावरून काही ठरवायचं नसतं. म्हणून एकाच जागी तीन वेगळ्या रंगांचे दिवे लावून बघतात. कोणता पदार्थ कोणता रंग किती पितो याची प्रत्येकाची चाल ठरलेली असते. प्राणवायू संपलेलं रक्त पहिला रंग भरपूर पितं, तिसरा कमी. काजळी किंवा शाई मात्र तिन्ही रंग जवळपास सारखेच गिळते. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. फळ्यावर आकृती काढून सांगतो.

उपकरण म्हटलं की आधी निरोगी माणसांवर चालवून बघावं लागतं. निरोगी छाती कशी दिसते हेच माहीत नसेल तर रोगी कशी ओळखणार? समितीची परवानगी होती, संमतीचे कागद होते, बायका मात्र एखाददुसरी सोडली तर येत नव्हत्या. त्यांचं चुकत नव्हतं. सुई नाही, दाबणं नाही, क्षकिरण नाहीत, हे सगळं सांगून झालं तरी कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन ब्लाउज काढायचा म्हणजे कोण तयार होणार.

आक्का तयार झाली.

आक्का माझी थोरली बहीण. सिल्लोडच्या रस्त्याला आत एका गावात दिली आहे. मका, कपाशी, चार जनावरं. मी शिकायला या शहरात आलो तेव्हा माझा डबा तिच्या गावाहून सकाळच्या एसटीनं यायचा. ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवलेला, फडक्यात बांधलेला. मी स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचो. आईवडिलांच्या गावाहून बस नव्हती, आक्काच्या गावाहून होती, एवढ्या कारणावरून तिनं माझं जेवण आपल्याकडं घेतलं आणि माझं शिक्षण संपेपर्यंत ते सोडलं नाही. दाजी चेष्टेनं म्हणायचे, "मला शिळी भाकर, अन् एसटीला ताजी."

ती दसऱ्याच्या आधी आमच्याकडं आली होती. जेवताना बायकोनं विषय काढला की यांचं काम बायकांवाचून अडलंय.

"म्हणजे त्या दिव्याखाली कोण झोपंल म्हणून तू वाट बघू राहिला व्हय?" आक्का म्हणाली.

"झोपायचं नसतं आक्का. बसायचं असतं."

"मग तर लईच सोपं. घरी मला बस म्हणणारं कोन हाय?"

"तू नको," मी म्हणालो.

"का बरं? म्हातारीच्या अंगाला तुझा उजेड लागत नाय का?"

बायको हसली. मी ताटात बघत राहिलो. आमच्याकडं भाऊ वयात आला की बहिणीच्या अंगाचा विषय घरातून उठतो. ती बाळंत झाली तरी भावाला "सुटली" एवढंच कळवतात. दुखलंखुपलं तर "तिला बरं नाही" म्हणतात, कुठं बरं नाही ते कुणी सांगत नाही आणि भावानं विचारायचं नसतं. मी प्रकाशावर संशोधन करणारा माणूस, शहरात घर, तरी त्या बाबतीत गावातून तसूभरही हललो नव्हतो.

कापसाची वेचणी लागायच्या आत आक्का खरंच आली. सोबत तिची जाऊ आणि शेजारीण. तिघी सिडकोच्या स्टँडवर उतरून रिक्षानं थेट कॉलेजात. रिक्षावाल्यानं कुठं जायचं विचारलं, तर आक्कानं त्याला "भावाचा उजेड बघायला" असं सांगितलं म्हणे.

खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. मधे जाड काळा पडदा. पलीकडं बाई बसते आणि माझी विद्यार्थिनी ठोकळा धरते. अलीकडं मी, संगणकापुढं. बाहेरच्या उजेडानं मोजमाप बिघडतं, म्हणून ठोकळा लावायच्या आधी दिवे बंद करतात. मग पलीकडच्यांना एकमेकी दिसत नाहीत आणि मला मधला काळा पडदासुद्धा दिसत नाही. मुलीचा हात सरावलेला होता. अंधारातच एकेक जागा घेत ती त्या जागेचा आकडा म्हणायची, मी इकडं नोंदवायचो.

आक्का आत गेली.

"अय बाई, थंडगार हाय गं."

"होईल गरम, ताई. हलू नका."

"हलत नाय. म्हशीला हात लावला तर ती बी अशीच दचकती."

उजवी बाजू झाली, स्वच्छ. डावीकडं वरच्या जागाही स्वच्छ. मग खालच्या बाजूला एका जागी संगणकावर काळपट डाग उमटला.

"सर, इथं काळं येतंय का?" मुलीला तिच्या बाजूचा छोटा दिवा सूचना देतो. तिलाही कळलं होतं.

"परत घ्या."

तिनं परत घेतलं. डाग तिथंच.

मला गोंदण आठवलं. आम्ही लहान असताना एकदा गोंदणारीण वस्तीवर आली होती. आईनं आक्काला पुढं बसवलं. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं संगं येतं, असं आई म्हणायची. हातावर तुळस काढून झाली. मग छातीवर काढायचं म्हणून मला अंगणात पिटाळलं. मी कोंबड्यांमागं धावत होतो आणि आतून आक्काचं रडणं येत होतं. छातीवर गोंदण आहे एवढं त्या दिवसापासून मला माहीत. कुठं, ते माहीत असायचं कारणच नव्हतं. आणि गोंदणाची काजळी आमच्या प्रकाशाला चांगलीच अडवते. आधीच्या एका बाईच्या दंडावर आम्ही ते मुद्दाम तपासलं होतं.

"गोंदण असणार," मी हळूच म्हणालो.

"विचारू का ताईंना, कुठं गोंदलंय? नाहीतर मिनिटभर लाईट लावून बघते."

पलीकडं आक्का गप्प बसली होती. म्हणजे ऐकत होती. आता ही मुलगी विचारणार, आक्का उत्तर देणार, आणि ते उत्तर मी ऐकणार. माझे कान तापले. एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण मला शोधूनही सापडलेलं नाही.

"नको. राहू दे. पुढं घ्या."

मी त्या जागेपुढं "गोंदण" असा शेरा टाकला आणि ती जागा हिशेबातून वगळली. तिन्ही रंगांचे आकडे समोर होते. मी ते पाहिले नाहीत. ज्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे, ते कशाला तपासायचं?

तिघींचं झाल्यावर त्या पदर सारखे करत बाहेर आल्या. जाऊबाईंना आणि शेजारणीला मी नेहमीचं सांगितलं की ही तपासणी नव्हे, आमचा प्रयोग आहे, यावरून काही धरून चालू नका, वयाप्रमाणं डॉक्टरांना दाखवत जा. हे सगळ्यांना सांगायचं असा नियम आहे, आणि तो मीच लिहिला आहे.

"अन् माझं?" आक्कानं विचारलं.

"तुझं सगळं ठीक आहे."

बहिणीला कुणी नियम वाचून दाखवतं का, असं मला वाटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. नंतर तिघींना गुलमंडीला सोडलं, त्यांनी बांगड्या घेतल्या. मी त्यांना परतीच्या बसमध्ये बसवून दिलं, तेव्हा खिडकीशी बसून आक्का जाऊबाईंना सांगत होती, "तुला दवाखान्यात जा म्हनला ना? जाय मग. मला नाय म्हनला."

पुढचं मला नंतर कळलं. संक्रांतीच्या सुमारास अंघोळ करताना तिच्या हाताला काहीतरी लागलं. दुखत नव्हतं, म्हणून ती कुणाशी बोलली नाही. सुनेला एकदा सहज म्हणाली, तर सून म्हणाली दवाखान्यात जाऊ. आक्का म्हणाली, कशाला, माझ्या भावानं आतून बघितलंय. मक्याचे दिवस गेले, गावची जत्रा झाली, तिच्या माहेरच्या दोन लग्नांत आम्ही भेटलो. एका लग्नात ती माझ्या शेजारी पंगतीला बसली होती. माझ्या पानात बळंच एक जिलबी टाकून म्हणाली, "खाय, वाळू राहिला नुसता." गाठ तेव्हा तिच्या अंगात होती. आम्हा दोघांनाही ती माहीत होती, म्हणजे मला माहीत असायला हवी होती.

उन्हाळ्यात सुनेचा फोन आला. "मामा, आईंच्या काखेत पण लागतंय आता. आईंना नका सांगू मी फोन केला म्हणून."

दुसऱ्याच दिवशी त्या आल्या. शहरातल्या दवाखान्यात दाखवलं, मॅमोग्राफी झाली, सुईनं तुकडा काढून पाठवला. उत्तर आलं त्या दिवशी डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो होतो. आक्का, सून आणि मी. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. डाव्या बाजूला आहे, काखेत उतरलंय, ऑपरेशन करून मग औषधं द्यावी लागतील, असं त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "थोडं आधी दाखवायला हवं होतं मावशी."

"दाखवलं व्हतं ना," आक्का म्हणाली. "ह्याच्या मशीनवर. दसऱ्याच्या टायमाला. तवा नव्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमचं ते ऑप्टिकलचं काम आहे का? त्यात काही आलं नव्हतं?"

मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते आज मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनी नकाराची धरली. "प्रयोगच आहे म्हणा," ते म्हणाले, आणि पुढचे कागद लिहायला लागले.

आक्काला ते आवडलं नाही. बाहेर आल्यावर सुनेला म्हणाली, "मशीनला काय बोलतो तो? तवा नव्हतंच तर मशीन काय दाखवीन?"

तरीही मी अजून सावरलेला होतो. माझ्याकडं एक आडोसा होता. गाठीच्या बरोबर वर गोंदण आलं, शाईनं प्रकाश अडवला, म्हणून दिसली नाही. दुर्दैव. उपकरणाची मर्यादा. असं कुठल्याही निबंधात लिहिता आलं असतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला हिरवा झगा घालून बसवलं होतं. सून औषधं आणायला खाली गेली होती. मी खाटेशेजारच्या स्टुलावर. पाणी प्यायचं नाही म्हणून तिचे ओठ सुकले होते. तिनं माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं.

"भाऊ, एक बरं झालं बघ."

"काय?"

"डावी काढनार म्हनले. गोंदण उजवीकडं हाय." आणि तिनं झग्यावरूनच उजवीकडं गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवलं. सहज, आपल्या घराचं दार दाखवावं तसं. "आईनं एवढं रडवून काढलेलं, ते तरी वाचलं. संगं येईन."

मी तिच्या बोटाकडं बघत राहिलो. उजवीकडं, वर, हाडापाशी. तिथपर्यंत आमचा ठोकळा जातच नाही.

नंतर परिचारिका आली, खाट ढकलत घेऊन गेली, आक्कानं दारातून हात हलवला, हे सगळं मी पाहिलं असणार. मला आठवतं ते एवढंच की कॉरिडॉरमध्ये कुणीतरी मला चहा दिला आणि मी तो खुर्चीवर ठेवायच्या ऐवजी हवेत सोडला. पायावर पडला. भाजलं ते घरी गेल्यावर कळलं. सून परत आली तेव्हा मी उभाच होतो. ती म्हणाली, "मामा, बसा ना, होईल सगळं नीट." मी तिला विचारलं, "गोंदण उजवीकडं आहे का गं?" तिला वाटलं मी भ्रमलो. म्हणाली, "हो, पहिल्यापासून."

पहिल्यापासून.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी दुपारी मी प्रयोगशाळेत गेलो आणि तिचं मोजमाप उघडलं. डावी बाजू, खालची ती जागा, माझा शेरा. शाई असती तर तिन्ही रंग सारखे खाली बसले असते. तसे नव्हते. पहिला खोल गेलेला, दुसरा त्याहून वर, तिसरा जवळपास नेहमीच्या जागी. प्राणवायू संपलेल्या रक्ताची चाल, मी फळ्यावर काढतो तशीच. आणि शाई कातडीत असते, ती जवळच्या डोळ्यांनाही दिसते. जवळच्या डोळ्यांना तिथं काहीच दिसलं नव्हतं. दिसलं होतं दूरच्यांना, खोलात. दोनदा, कारण मी परत घ्यायला लावलं होतं आणि दोन्ही वेळा तेच आलं होतं. उपकरणाला जेवढं सांगता येतं तेवढं सगळं त्यानं सांगितलं होतं. आम्ही एवढी वर्षं जे होतं का म्हणून बघत होतो ते झालं होतं, पहिल्यांदा, माझ्या बहिणीवर. आणि मी त्याला गप्प बसवलं होतं.

बाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, एक चेंडू खिडकीच्या काळ्या कागदावर आपटला, तरी मी दचकलो नाही.

तेव्हा पकडली असती तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. एका डागावरून कुणी निदान करत नाही, डॉक्टरांनी आणखी तपासण्या सांगितल्या असत्या, कदाचित तेव्हाही काखेत उतरलेलं असतं. हे सगळं खरं आहे. या खरेपणाच्या सावलीला बसून मी बरेच दिवस काढले. पण तिला दवाखान्यात पाठवायला एवढा डाग पुरेसा होता, आणि डाग नसता तरीही नियम पुरेसा होता. जाऊबाईंना मी जे सांगितलं ते तिला सांगितलं असतं, तरी संक्रांतीला हाताला लागलं तेव्हा ती उठून गेली असती. तिला थांबवलं माझ्या शब्दानं.

आता एक बदल केला आहे. कुठलीही बाई आली की दिवे बंद करायच्या आधी, भर उजेडात, गोंदण कुठं आहे ते विचारून चित्रावर खूण करायची. हा नियम मी विद्यार्थिनीला सांगितला तेव्हा तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग "बरं सर" म्हणाली. तिनं आक्काचं मोजमाप पुन्हा उघडलं आहे का, हे मी विचारलेलं नाही. विचारायचं टाळण्यात मी पूर्वीपासून तरबेज.

बायका आता येतात. मुख्यतः आक्काच्या सांगण्यावरून. औषधांनी तिचे केस गेले, डोक्याला रुमाल बांधून ती ओट्यावर बसते आणि गल्लीला सांगते, "माझा भाऊ उजेडानं बघतो. टोचणं नाय, काय नाय. मला तवा असतं तर त्यानं धरलंच असतं. मला नंतर झालं, त्याला तो तरी काय करीन." मागच्या महिन्यात तिच्या गावच्या चार जणी एकदम आल्या. त्यातली एक म्हणाली, "तुमची आक्का लई नाव घेती तुमचं." मी त्यांना नियम वाचून दाखवला. दोनदा वाचला.

गेल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेलो होतो, सांगायचंच असं ठरवून. केस परत यायला लागलेत, पांढरे, बारीक. तिनं माझा हात ओढून आपल्या डोक्यावर फिरवला. "बघ, मक्याच्या कणसावानी." दाजी म्हणाले, "आता कणसाला जपा, पाखरं बसतील." सगळे हसले. तिनं डावा हात वर न्यायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यात थांबला, तिनं तो हळूच खाली घेतला आणि भाकरी वाढायला सुनेला हाक मारली. मी जेवलो. निघताना तिनं उजव्या हातानं माझ्या पिशवीत डबा घातला, फडक्यात बांधलेला, आणि मी बसमध्ये बसलो.

ती पुढच्या तपासणीला येईल तेव्हा आमच्याकडंच उतरणार आहे. हा मजकूर छापून येण्याआधी ती वेळ यायला हवी, म्हणून मी तो अजून पाठवलेला नाही. दसऱ्याला होतं आक्का, मला दिसलं होतं, आणि तुझं गोंदण कुठं आहे हे विचारायची लाज वाटली म्हणून मी पुढं गेलो. एवढं तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडं बघून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.